सरासरी म्हातारी

माझ्या नणंदेला उठताना फारसं कोणी पाहिलेलं नाही. बसलेली सगळ्यांनी पाहिली आहे, चालताना पाहिली आहे, भांडताना तर अख्ख्या गल्लीनं पाहिली आहे. पण बसल्या जागेवरून उभं राहायची वेळ आली, की त्या समोरच्याला पाणी आणायला पाठवतात, नाहीतर ‘दारात कोण आलंय बघ जरा’ म्हणतात. माणूस जाऊन परत येईपर्यंत बाई उभ्या. चेहऱ्यावर असा भाव, की आम्ही जन्मापासून उभ्याच होतो.

मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणते. आता दोघींचे केस सारखेच पांढरे झाले, दात दोघींचे सारखेच गेले, तरी तोंडात तेच बसलंय.

त्यांचा उजवा गुडघा लहानपणी झाडावरून पडल्यापासून नीट वाकत नाही. नोकरी सगळी शिवणाच्या कारखान्यात झाली. शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवायचे. मशीन पायाचं, आणि उजवा पाय असा आडमुठा, म्हणून सगळा जोर डाव्या पायावर. वर्षानुवर्षं तसं बसून अंग डावीकडं कललं ते कललंच. नुसत्या उभ्या राहिल्या तरी वाटतं, शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगायला निघाल्यात. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, ‘ठरत आलं होतं, पण नेमक्या शाळा उघडायच्या होत्या.’

आमच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. भाड्याच्या, पण त्यांच्या. स्वतःच्या कुलपाची किल्ली गळ्यात दोऱ्याला. भाऊ, म्हणजे आमचे हे, होते तोवर रोज संध्याकाळी जाऊन यायचे, ते गेल्यावर मी जाते. आमच्या घरात त्यांना खोली आहे, ताट आहे, मान आहे, हे सगळं मी शंभर वेळा सांगून झालं. त्या म्हणतात, ‘वहिनी, तुमच्याकडं सगळं आहे. फक्त माझं दार नाही.’

एकदा त्या दातांच्या डॉक्टरकडं गेल्या. तिथला सोफा असा, की माणूस बसला की आत जातो आणि गुडघे कानाशी येतात. यांचा नंबर आला की या म्हणायच्या, ‘यांना जाऊ द्या आधी, मला घाई नाही.’ असं करत करत गावातले सगळे दुखरे दात पुढं गेले आणि दवाखाना बंद व्हायची वेळ झाली. शेवटी डॉक्टरच बाहेर आले आणि सोफ्यावरच तोंड उघडायला लावून दात बघितला. घरी येऊन वन्सं म्हणाल्या, ‘फार आदरानं वागवतात हो तिथं.’ पुढं त्या सोफ्यातून बाहेर कशा आल्या, ते मी विचारलं नाही.

तर गेल्या थंडीत एका संध्याकाळी मी त्यांची वाटी परत द्यायला गेले, तर या जमिनीवर, पलंगाला पाठ लावून.

“हे काय, खाली बसलात?”

“गार वाटतं.”

“थंडीचे दिवस आहेत वन्सं.”

“मग ऊब वाटते.”

दुपारचं जेवण झाल्यापासून तशाच बसल्या होत्या. पलंगावरून उतरताना पाय सटकला, आणि मग उठता येईना. हाक मारली असती तर शेजारच्यांनी ऐकली असती, पण हाक मारतील तर त्या वन्सं कसल्या. मी मुलाला फोन केला. तो आला, एका बाजूनं तो, एका बाजूनं मी, असं करून उचललं. उचलत होतो तेवढा वेळ त्या छताकडं बघत होत्या, जणू आम्ही भलत्याच कोणाला उचलतोय.

माझा मुलगा हेकट आहे. बापावर गेलाय. फरक एवढाच, की ते चुकले की गप्प बसायचे आणि हा चुकला की आवाज चढवतो.

“आत्या, आता पुरे झालं,” तो म्हणाला. “इथं एकटीनं राहायचं नाही. आमच्याकडं चल.”

“मी काय कपाट आहे का, उचललं आणि नेलं?”

“कपाट पडत तरी नाही.”

“मी पडले नव्हते. बसले होते.”

बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं, की या खोल्यांचा करार उन्हाळ्यात संपतोय. तोपर्यंत वन्संनी कोणाचाही हात न धरता, खुर्चीतून म्हणा, पलंगावरून म्हणा, भाच्यासमोर उठून दाखवायचं. जमलं तर करार पुन्हा करायचा. नाही जमलं तर सामान बांधायचं.

“आणि जमलं, तर तू काय करशील?” वन्संनी विचारलं.

“पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही.”

“एवढ्यासाठी तरी उठते,” त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन लहान खोलीतल्या गाद्या हलवल्या आणि खोली झाडून घेतली. मुलगा म्हणाला, ‘अगं, अजून वेळ आहे.’ मी म्हटलं, ‘धूळ तर आत्ता आहे.’

आम्ही त्यांच्या पलंगाखाली विटा लावून बघितल्या. पलंग उंच झाला, पण वन्संचे पाय लोंबायला लागले. म्हणाल्या, ‘काढा त्या. मी काय पोपट आहे, दांडीवर बसून विठू विठू करायला?’ भिंतीला लोखंडी दांडा लावायचा ठरला, तर तो उजवीकडंच बसत होता आणि यांचा सगळा जोर डाव्या हातात. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, पण इथं खरोखरच अंगण वाकडं होतं आणि नाचणारीही वाकडी. दोघांचं वाकडेपण जुळत नव्हतं, एवढंच.

आता माझ्या सुनेबद्दल सांगायला हवं. ती एका संशोधनाच्या संस्थेत काम करते. ही संस्था विद्यापीठाला जोडलेली आहे, पण विद्यापीठात नाही. म्हणजे विद्यापीठ हे एकत्र घर आणि संस्था हे वेगळं बिऱ्हाड. चूल वेगळी, पण मोठ्या निर्णयाला सासऱ्यांना विचारायचं. विद्यापीठात नुसतं शिकतात, इथं त्या शिकण्याचा माणसाला काही उपयोग होतो का ते करून बघायचं असतं. तिथं केंद्रं आहेत. आंतरविद्याशाखीय केंद्रं. हा शब्द मी कवळी घालून आणि काढून, दोन्ही प्रकारे म्हणून पाहिला. काढूनच बरा येतो.

अर्थ त्याचा साधा आहे. एकच काम, पण त्याला वेगवेगळ्या विद्येची माणसं घ्यायची आणि एका ठिकाणी बसवायची, म्हणजे ती एकमेकांशी बोलतील. त्यासाठी त्यांनी एक अख्खा मजला घेतला आणि मधल्या भिंती पाडल्या. आठवड्याभरात जिथं जिथं भिंत होती तिथं तिथं कपाटं उभी राहिली. सून म्हणते, ‘आई, कपाट हलवता तरी येतं. ही प्रगतीच आहे.’

तिच्या केंद्राचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं उठणं-बसणं. म्हाताऱ्यांना सोपं जाईल अशी खुर्ची करायची होती. त्यात एक हाडांचे डॉक्टर होते. ते माणसाकडं बघत नाहीत, गुडघ्याकडं बघून नमस्कार करतात. एक यंत्रवाला होता, त्याच्या खिशात कायम पाना. तिसरी आकडेवाली. या दोघांनी मोजमापं आणून दिली की ती त्याची सरासरी काढून सांगणार, की म्हातारं माणूस साधारण असं असतं. आणि चौथी आमची सून. ती माणसांना प्रश्न विचारण्याचं शास्त्र शिकली आहे, शिवाय या तिघांना एकमेकांशी बोलतं ठेवायचं कामही तिच्याकडंच. दिवसभर तिघांना बोलतं ठेवून घरी आल्यावर ती कोणाशी बोलत नाही, यात तिची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

खुर्ची करायची म्हणजे आधी म्हातारी माणसं हवीत. सुनेनं वन्संना विचारलं.

“माझ्यावर प्रयोग?” वन्सं म्हणाल्या.

“प्रयोग नाही हो आत्या. तुम्ही फक्त बसायचं आणि उठायचं.”

“तेच तर होत नाही.”

“म्हणूनच.”

गेल्या एकदा. सून त्यांना खाली सोडून वरच्या मजल्यावर मीटिंगला गेली. पुढचं मला वन्संनीच सांगितलं, पण बऱ्याच दिवसांनी आणि शपथ घालून. तिथं चाचणीची एक खुर्ची होती. तिची उंची, कल, हात, सगळं पान्यानं कमी-जास्त होत होतं, आणि बैठकीखाली अशी स्प्रिंग, की माणूस पुढं झुकला की खुर्चीच त्याला हळूच वर ढकलते. यंत्रवाल्यानं विचारलं, ‘कसं वाटतंय?’ या म्हणाल्या, ‘थोडी वर. डावीकडं थोडी अजून. डावा हात लांब कर. आता ठीक.’ आणि मग त्या पुढं झुकल्या आणि उभ्या राहिल्या. कोणाचा हात नाही, काही नाही. मला सांगताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला. “वहिनी, मला आधी कळलंच नाही उभी राहिले ते. मला वाटलं कोणीतरी मागून उचललं. मागं बघितलं तर कोणी नाही.”

त्यानंतर त्यांना त्या खुर्चीचा ध्यासच लागला. दुपारी केस विंचरून, पिशवी घेऊन निघायच्या. मी विचारलं, ‘कुठं निघालात?’ तर म्हणायच्या, ‘कामाला.’ कधी डॉक्टरांकडं, कधी यंत्रवाल्याकडं, कधी प्रश्नांच्या टेबलाशी. सुरुवातीला इतरही म्हातारी माणसं यायची. पण उठा-बसा, उठा-बसा, आणि मिळणार काय तर चहा आणि दोन बिस्किटं, तेव्हा ती हळूहळू गळाली. वन्सं टिकून राहिल्या.

“ती खुर्ची पुरी झाली की दुकानात येणार आहे,” त्यांनी मला सांगितलं. “पहिली मी घेणार. आणि तुमच्या चिरंजीवांना समोर बसवून उठून दाखवणार. तोवर कोणाला बोलायचं नाही. सुनेलासुद्धा नाही.”

मला वाटलं, सुनेला काय सांगायचं, तिचंच तर केंद्र आहे, तिला माहीत असणारच. पण सून सदानकदा मीटिंगमध्ये, तिला वाटत होतं आत्या एकदाच येऊन गेल्या. प्रश्न विचारायला तिचे विद्यार्थी बसायचे, मोजायला डॉक्टरांचे विद्यार्थी, यंत्रवाल्याचं डोकं कायम खुर्चीखाली, आणि ते विद्यार्थीही दर महिन्याला बदलायचे.

आणि तिथं एक नियम होता. चाचणीला येणाऱ्या माणसाचं नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. कोणाच्या गुडघ्याचं काय आहे ते चारचौघांत फुटू नये म्हणून. नियम चांगलाच आहे. फाटकावरचा पहारेकरी आलेल्याला एक आकडा द्यायचा, तो छातीवर लावून आत जायचं. आता इथंच घोडं पेंड खात होतं. पहारेकऱ्याला वाटायचं, आकडा म्हणजे फेरी. जितक्या वेळा माणूस आला तितके आकडे. ‘काय आजी, आज पुन्हा?’ म्हणायचा आणि नवा आकडा लावायचा. आणि वर बसलेल्या आकडेवालीला वाटायचं, आकडा म्हणजे माणूस. दोघांनी एकमेकांना विचारायचं काही कारणच नव्हतं. दोघांच्या मधे कपाटं होती.

वसंत संपता संपता सून एक दिवस घरी आली ती चक्क गाणं गुणगुणत. तिघांचे निकाल जुळले होते. संस्था सुरू झाल्यापासून तीन खाती एका गोष्टीवर एकमत झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. डॉक्टरांना आढळलं, की म्हाताऱ्या माणसांचा उजवा गुडघा कमी वाकतो. यंत्रवाल्याला आढळलं, की म्हातारी माणसं उठताना डाव्या हातावर भार टाकतात. आकडेवालीनं सांगितलं, की इतके स्वच्छ आकडे तिनं जन्मात पाहिले नाहीत, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

“आणि तुझ्या प्रश्नांतून काय निघालं?” मी विचारलं.

“फार वेगळंच निघालं आई. बहुतेक म्हाताऱ्या माणसांनी कधी ना कधी शिवणकाम केलेलं असतं. आणि,” ती नवऱ्याकडं बघून हसली, “बहुतेकांची भाच्याबद्दल तक्रार असते. भाचा हेकट असतो असं म्हणतात.”

“मुलांबद्दल नाही?” मुलगा म्हणाला.

“नाही, भाच्याबद्दलच. आम्हालाही आश्चर्य वाटलं. यावर वेगळा अभ्यास करायला हवा.”

“बघितलंस आई?” मुलगा मला म्हणाला. “आत्या माझ्याबद्दल बोलते ते मी उगाच मनावर घेत होतो. हे सगळीकडंच असतं.”

मी भाजी निवडत होते. काहीतरी मनात आलं होतं, पण शपथ होती, आणि शिकलेल्या माणसांनी सरासरी काढली म्हटल्यावर माझ्या मनात आलेल्याला काय किंमत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं वळसा घालायला एक अख्खी संस्था नेमली होती.

त्या सरासरीवरून खरी खुर्ची तयार झाली. विद्यापीठाचे पाहुणे यायचे होते, खुर्ची बघून केंद्र पुढं चालू ठेवायचं का ते ठरवणार होते. सुनेनं आम्हालाही बोलावलं. वन्संच्या करारालाही थोडेच दिवस राहिले होते. ‘आज खुर्ची बाहेर येते,’ त्या मला म्हणाल्या, ‘आज तुमच्या मुलाला समोर बसवते.’ नवा रुमाल घेतला होता त्यांनी.

संस्थेचा हॉल मोठा. पुढच्या रांगेत घरच्यांना बसवलं. खुर्च्या गुबगुबीत आणि खोल. वन्संनी एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि बसल्या. मला कळलं, आता या लवकर उठत नाहीत. पलीकडं माझा मुलगा बसला. पाहुणे आले. वयस्कर, भारदस्त गृहस्थ, बोलणं मऊ. सुनेनं चार शब्द सांगितले. मग डॉक्टर बोलले, मग यंत्रवाला, मग आकडेवाली म्हणाली, “ही खुर्ची सरासरी वृद्ध माणसासाठी आहे, म्हणजे सगळ्यांसाठी.”

पाहुणे म्हणाले, “मग मीच बसतो. माझ्याइतका सरासरी इथं कोण मिळणार?”

सगळे हसले. पाहुणे बसले. पुढं झुकले. खुर्चीनं त्यांना छान वर उचललं, मग डावीकडं कलती झाली आणि त्यांना थेट डॉक्टरांच्या खांद्यावर नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी त्यांना मिठीत घेतलं, दुसरा इलाजच नव्हता.

“माझंच काही चुकलं असेल,” पाहुणे म्हणाले. गृहस्थ सभ्य. पुन्हा बसले. पुन्हा डॉक्टरांच्या मिठीत.

मग संस्थेचे मोठे साहेब पुढं आले. ते निवृत्तीला टेकलेले. त्यांचा उजवा पाय हवेत आणि डावा हात खुर्चीच्या हाताखाली अडकलेला, अशा अवस्थेत त्यांनी ‘रचना मजबूत आहे’ असं म्हटलं. सुनेचा चेहरा उतरला. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “आई, तुम्ही बसता का?” मी बसले. मी म्हातारी, त्यात बाई, म्हटलं जमेल. मला तर खुर्चीनं असं भिरकावलं, की मी सुनेच्या कमरेला जाऊन बिलगले. इतक्या वर्षांत आम्ही सासू-सुना एवढ्या जवळ कधी आलो नव्हतो.

यंत्रवाला पाना काढून खुर्चीखाली डोकं घालून बसला. आकडेवाली म्हणत होती, “असं होणं शक्य नाही. माझा हिशोब बरोबर आहे. शक्यच नाही.”

तेवढ्यात मागून, दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचा आवाज आला. “मॅडम, त्या आजींना बसवा ना. त्यांना येतं की.”

“कोणत्या आजी?”

“त्या काय पुढं बसल्यात. रोज येतात त्या.”

सगळ्या हॉलनं वन्संकडं बघितलं. वन्सं समोर बघत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी पुढं झुकून बघितलं, डाव्या हातानं रेटून बघितलं. खुर्ची त्यांना सोडेना. पाणी आणायला कोणाकोणाला पाठवणार? अख्खा हॉल बघत होता. आणि शेजारी मुलगा बसलेला, ज्याच्यासमोर हात न धरता उठायचं ठरलं होतं तो. न उठावं, तर सुनेचं केंद्र जातं. उठायचं, तर कोणाचा तरी हात धरायला लागणार, म्हणजे आपल्या खोल्या जातात.

“बसू द्या हो त्यांना,” मी म्हटलं, “तब्येत बरी नाही त्यांची.”

“माझी तब्येत उत्तम आहे वहिनी,” वन्सं म्हणाल्या. आणि मग त्यांनी मुलाकडं वळून हात पुढं केला. “दे रे हात.”

मुलगा बघतच राहिला. आत्यानं आजवर त्याच्याकडं काही मागितलेलं त्याला आठवत नसणार. त्यानं दोन्ही हात दिले. वन्सं उठल्या, रुमाल पिशवीत ठेवला, चालत जाऊन त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “तो पाना बाजूला घे बाबा, पायात येतोय.” मग जरा पुढं झुकल्या. खुर्ची वर आली, डावीकडं कलली, वन्संही तशाच कलल्या, दोघींनी जणू ठरवून केल्यासारखं, आणि त्या उभ्या राहिल्या. सरळ, म्हणजे त्यांच्या मानानं सरळ. परत बसल्या. परत उठल्या. तिसऱ्यांदा उठल्या ती केवळ हौस म्हणून.

डॉक्टरांनी प्रथमच मान वर करून त्यांचा चेहरा बघितला. “हा गुडघा मी ओळखतो,” ते म्हणाले.

“मीपण ओळखते,” आकडेवाली म्हणाली. “आजी, तुमचा आकडा कोणता?”

“कुठला कुठला सांगू?” वन्सं म्हणाल्या. “रोज नवा असतो.”

“याच तर असतात सगळ्या,” पहारेकरी म्हणाला. “आता बाकी कोणी येत नाही.”

आकडेवाली खालीच बसली. यंत्रवाला आधी हसला आणि मग कोणी हसत नाही बघून गप्प झाला. सून कपाळाला हात लावून उभी होती. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिनं हळूहळू नवऱ्याकडं बघितलं. मुलगा आधीच आत्याकडं बघत होता.

“हेकट?” तो म्हणाला.

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं,” वन्सं म्हणाल्या. “प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं असं लिहिलं होतं तिथं.”

पाहुण्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, “चार विद्या मिळून एका माणसाला तरी ओळखता आलं. आमच्याकडं विद्यापीठात एवढंही होत नाही.” त्यांनी केंद्राला आणखी एक वर्ष दिलं. पुन्हा पहिल्यापासून करा म्हणाले, आणि एका माणसाला एकच आकडा द्या. सुनेचा जीव भांड्यात पडला. वन्संचा मात्र अजून टांगलेलाच होता.

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, “आत्या, हात धरलास तू.”

“तो तुमच्या त्या गादीवाल्या खुर्चीतून उठताना. माझ्या खुर्चीतून उठताना धरला का?”

“ती खुर्ची तुझी नाही, संस्थेची आहे. दुकानात ती आता येणार नाही. घरी काय करशील?”

वन्सं सरळ रिक्षात जाऊन बसल्या. उतरताना मी हात दिला तर तो घेतला. मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेनं सांगितलं, की संस्थेचा एक नियम आहे. केलेली वस्तू विकता येत नाही, देता येत नाही, पण घरगुती चाचणी म्हणून माणसाच्या घरी ठेवता येते. फक्त त्याला तिन्ही खात्यांच्या प्रमुखांच्या सह्या लागतात. “आणि आई,” ती म्हणाली, “चहाचं मशीन कुठं ठेवायचं यावर त्यांच्या सह्या मी दोन वर्षं गोळा करतेय.”

मी म्हटलं, झालं. लहान खोलीत चादर घातली. खरं सांगायचं तर उशीचा अभ्राही नवा घातला.

पण सून संध्याकाळी परत आली ती तिन्ही सह्या घेऊन. डॉक्टरांनी उभ्याउभ्या केली. यंत्रवाल्यानं पान्याच्याच हातानं केली, काळा ठसा आहे त्यावर. आकडेवालीनं तर कशावर करते तेही न बघता केली. खुर्ची अजून हॉलच्या मधोमध उभी होती आणि जाणारा-येणारा तिच्यावर बसून शेजारच्याच्या मिठीत पडून बघत होता, सगळ्या इमारतीला तोच खेळ झाला होता. तिघांना आयुष्यात पहिल्यांदा एकच गोष्ट हवी होती. ती खुर्ची डोळ्यांसमोरून जावी.

मुलानं वन्संचं सामान आणायला टेम्पो सांगून ठेवला होता. त्याच टेम्पोतून तो आणि यंत्रवाला खुर्ची घेऊन वन्संच्या दारी गेले. मी आधीच जाऊन बसले होते. दार अरुंद, खुर्ची आडवी करावी लागली, मुलाचं बोट चेमटलं. वन्सं सांगत होत्या, ‘खिडकीशी. अजून पुढं. उजेड डाव्या बाजूनं यायला हवा.’ खुर्ची लागली. त्या बसल्या. मुलगा समोर उभा, बोट तोंडात धरून.

त्या पुढं झुकल्या आणि उठल्या.

मुलानं बोलायला बोट तोंडातून काढलं आणि परत घातलं. आता बोलता येत नव्हतं, तसं ठरलंच होतं. यंत्रवाला म्हणाला, “आजी, महिन्यातून एकदा आम्ही बघायला येऊ. तिघंही.”

“या. पण एका वेळी एकानंच या,” वन्सं म्हणाल्या, “आणि एकमेकांशी बोलायचं ते बाहेर बोलून या. माझी खोली लहान आहे.”

मग मुलाला म्हणाल्या, “आणि तू करारवाल्याला फोन कर. माझं तो ऐकत नाही.”

“करतो,” तो म्हणाला. “आणि घरी काय सांगू? आईनं खोली तयार करून ठेवली आहे तुझ्यासाठी.”

वन्संनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक सायकल होती.

“आईला काय सांगायचं, ती इथंच बसलीय,” त्या म्हणाल्या. “वहिनी, रविवारी जेवायला येते. राहायला नाही.”

“या की,” मी म्हटलं. “खोलीत गाद्या परत ठेवते. तशाही बाहेर पडून खराब होतायत.”

रविवारी आल्या. भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या, दोनदा घेतली, आणि उजेड होता तोवर घरी गेल्या.